धैवतावरचा सांधा

ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा भूप गायली. पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या सुरावर षड्ज. गंधार भरीव लागला, पंचमही स्थिर होता. मग ‘ग प ध’ अशी चढली आणि धैवतावर आवाज चिरकला. तिने घसा खाकरला, "सॉरी ताई" म्हणाली, पुन्हा गंधारापासून उचललं, पुन्हा तिथेच चिरकला. तिसऱ्या वेळी तिने धैवतावर जोर दिला. स्वर लागला खरा, पण मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि चेहरा लाल झाला. मग ती कशीबशी तार षड्जावर पोहोचली आणि ‘सां ध प’ करत खाली आली. त्या वेळी धैवत स्वच्छ लागला. थोडा बारीक होता, पण अगदी जागेवर.

या प्रकरणाची गुरुकिल्ली त्या उतरत्या धैवतात होती. मला ती त्या दिवशी ओळखू आली नाही, हे आधीच सांगून टाकते.

वय ३१. प्राथमिक शाळेत शिक्षिका. सात-आठ वर्षं गाणं शिकलेली, मध्यमा परीक्षा झालेली. आधीच्या शिक्षकांनी निदान केलं होतं की तिचा धैवत कच्चा आहे, आणि उपाय म्हणून रोज पहाटे धैवतावर शंभर वेळा थांबायला सांगितलं होतं. तिने दोन वर्षं ते इमानेइतबारे केलं. परिणाम असा की धैवत जवळ आला की तिचा श्वास अडायचा. भूप हा आपल्याकडे सुरुवातीला शिकवला जाणारा राग, वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार आणि संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, धैवत. त्यातला संवादीच हातात येत नसेल तर माणसाच्या मनाचं काय होत असेल! यमन शिकायची तिची हिंमत होत नव्हती. "भूपच येत नाही, पुढे कशाला जायचं?" असं ती म्हणायची.

गाण्याचा विचार करण्याआधी मी तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. सकाळी उठल्यावर तिचा आवाज बसलेला असायचा आणि शनिवारपर्यंत घसा दुखायचा. अशी लक्षणं असताना पट्टी आणि पलटे यांवर चर्चा करत बसणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. दुर्बिणीने तपासणी झाली. स्वरतंतूंवर गाठी नव्हत्या, कडांना थोडी सूज होती. वर्गात ओरडायचं नाही, पाणी पीत राहायचं, काही आठवडे आवाजाला आराम द्यायचा, असा सल्ला मिळाला. तिने वर्गात टाळीची आणि घंटीची सवय लावली. महिन्याभरात सकाळचा घोगरेपणा गेला. धैवत मात्र होता तिथेच होता.

आवाजात दोन यंत्रं

इथे थोडं थांबून आवाजाची घडण सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

मी मिरजेत राहते. इथे तंबोरे बनवणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या आहेत, त्यामुळे माझ्या डोक्यात दाखला तंबोऱ्याचाच येतो. तंबोऱ्यात जोडाच्या तारा पोलादी आणि बारीक असतात, खर्जाची तार पितळेची आणि जाड असते. खालच्या स्वराला जाड तार, वरच्याला बारीक. देवाने माणसाला दिली आहे तारांची एकच जोडी, आणि तिच्यातूनच खर्जही काढायचा आणि तार सप्तकही. मग ही जोडी कधी आखूड, जाड, सैल होते, कधी लांब, पातळ, ताणलेली. स्वरतंतूच्या आतच एक स्नायू आहे जो त्याला जाड करतो. स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूला दुसरा स्नायू आहे जो त्याला ताणून लांब करतो. खालच्या स्वरांत पहिल्याचं राज्य असतं. तंतूंची पूर्ण जाडी थरथरते, ते एकमेकांवर जास्त वेळ मिटून राहतात, आवाज भरीव येतो. त्याला आपण छातीचा आवाज म्हणतो. वरच्या स्वरांत दुसऱ्याचं राज्य. तंतूंच्या फक्त पातळ कडा थरथरतात, आवाज हलका आणि बासरीसारखा येतो, त्याला डोक्याचा आवाज म्हणतात. छाती आणि डोकं ही नावं गाणाऱ्याला कंप कुठे जाणवतो त्यावरून पडली. दोन्ही आवाज निघतात स्वरयंत्रातूनच.

याशिवाय दोन टोकं आहेत. अगदी खाली, साधारण ७० हर्ट्झच्या (सेकंदाला ७० कंपनांच्या) आत, झोपेतून उठल्यावर येतो तसा खरखर आवाज. अगदी वर, साधारण १००० हर्ट्झच्या पलीकडे, शिटीसारखा आवाज. ख्यालगायकीत या दोन्हींचं काम फारसं पडत नाही.

‘रजिस्टर’ म्हणजे एकाच यांत्रिक तत्त्वाने निघणाऱ्या सलग स्वरांची मालिका, ही व्याख्या एकोणिसाव्या शतकात मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने रूढ केली. याच माणसाने १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. त्याच्या व्याख्येत रजिस्टर यंत्रणेवरून ठरतं, स्वराच्या उंचीवरून ठरत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मधल्या पट्ट्यातला एकच स्वर दोन्ही यंत्रणांनी गाता येतो. सप्तकासारखी सरळ रेघ मारून ‘इथवर छाती, इथून डोकं’ असं सांगता येत नाही. अंगवळणी न पडलेल्या आवाजात मात्र एका यंत्रणेकडून दुसरीकडे जाताना झटका बसतो. त्यालाच मी सांधा म्हणते.

हा सांधा स्त्री आणि पुरुष दोघांतही साधारण ३०० ते ३५० हर्ट्झच्या आसपास येतो. पुरुषाचं बोलणं साधारण १२० हर्ट्झच्या आसपास, स्त्रीचं २०० च्या आसपास, स्वरतंतूंची लांबी वेगळी, तरीही सांध्याची जागा जवळपास तीच. हे मला कळलं तेव्हा मी वही काढून पट्ट्यांचं गणित मांडलं आणि बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले.

काळी एकला गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज येतो १३८.६ हर्ट्झवर आणि तार षड्ज २७७ वर. तार रिषभ ३१२, तार गंधार ३४६. म्हणजे त्याचा सांधा तार सप्तकातल्या रिषभ-गंधाराशी. मंद्र आणि मध्य ही दोन्ही सप्तकं त्याला एकाच यंत्रणेत, सलग, विनाझटका मिळतात. काळी चारला गाणाऱ्या स्त्रीचा मध्य षड्ज २०७.७ वर, पंचम ३११.५ वर, धैवत ३४६ वर. तिचा सांधा भर मध्य सप्तकात, राग जिथे राहतो तिथेच.

आपली ख्यालाची तालीम बहुतांश पुरुष उस्तादांनी आणि बुवांनी घडवली. त्यांच्या स्वतःच्या गळ्याला मध्य धैवतावर कधी अडचण आलीच नव्हती. त्यांच्यासमोर एखादी मुलगी धैवतावर अडखळली तर त्यांना ते स्वरज्ञानाचं दुबळेपण वाटणं साहजिक होतं. त्यात दुष्टपणा नव्हता. पण ‘धैवत कच्चा’ हे निदान अशा किती मुलींच्या कपाळी बसलं असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

मोजणी

तंबोरा बंद ठेवून, राग विसरून, आम्ही तिचा आवाज मोजला. मोबाइलवर स्वर दाखवणारं साधं ॲप होतं, तेवढं पुरलं. तिला सांगितलं, सायरनसारखं खालून वर जा, ‘आ’ म्हणत, स्वरांची चिंता नको. पाच-सहा वेळा केलं. दर वेळी ३४० ते ३५० च्या मध्ये आवाज उडाला. मग वरून खाली यायला सांगितलं. येताना हलका आवाज बराच खाली टिकला, जवळजवळ २९० पर्यंत, आणि मग टुणकन जाड झाला. चढताना सांधा वर, उतरताना खाली. हे सगळ्याच गळ्यांत होतं. चालू असलेली यंत्रणा सहजी जागा सोडत नाही, जमेल तितकं ताणून धरते.

आता तो पहिल्या दिवशीचा उतरता धैवत मला कळला. चढताना ती पंचमापर्यंत जाड आवाज घेऊन यायची, आणि ३४६ चा धैवत नेमका तुटण्याच्या जागी. उतरताना ती तार षड्जावरून हलक्या आवाजात यायची, धैवत आणि पंचम दोन्ही त्याच हलक्या यंत्रणेत पार पडायचे. स्वरज्ञान कच्चं असतं तर धैवत दोन्ही दिशांनी डळमळला असता. हिचा धैवत एका दिशेने पक्का होता. कान शाबूत होता, स्वराची जागा डोक्यात ठाम होती. मग दोन वर्षं रोज शंभर वेळा काय घोटवलं तिने? आवाज तुटण्याचा अनुभव.

मी तिला हे गणित वहीत दाखवलं तेव्हा ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे ताई, मी बेसूर नव्हते?" उत्तर देताना माझाही गळा दाटून आला होता.

ती अजून एका गोष्टीने गाळात चालली होती, ती म्हणजे आकार, ‘आ’ म्हणत गाणं. आपला सगळा रियाज आकारात. ‘आ’ म्हणताना तोंडाची पोकळी साधारण ७०० ते ९०० हर्ट्झच्या आसपास घुमते. धैवत ३४६ वर असेल तर त्याच्या दुप्पट कंपनांचा दुसरा स्वरांश ६९२ वर येतो, म्हणजे त्या घुमण्याच्या उंबरठ्यावर. तोंड त्याला उचलून धरतं, आवाज मोठा आणि दणकट वाटतो, आणि गाणारी जाड यंत्रणा सोडायलाच तयार होत नाही. ‘ऊ’ म्हणताना मात्र पोकळी ३०० ते ४०० च्या आसपास घुमते, म्हणजे मूळ स्वरालाच आधार मिळतो, आणि हलका आवाज न ढकलता भरलेला लागतो. सांध्याच्या जागी ‘आ’ ओढून धरतो, ‘ऊ’ सोडवतो. तिला रोज पहाटे त्या जागी ‘आ’ करायला लावलं गेलं होतं.

मी केलेली चूक

सांधा धैवतावर येतो म्हणजे पट्टी खाली घ्यावी, हे कुणालाही सुचेल. मलाही तेच सुचलं. मी तिला सरळ तीन सूर खाली, पांढरी चारला आणलं. षड्ज १७४.६ वर. धैवत २९१ वर, एकदम सुरक्षित. पहिल्या दिवशी तिने आलापात धैवत लावला, डोळे मिटले आणि त्या स्वरावर इतका वेळ राहिली की मी तंबोरा छेडायचं विसरले. मंद्र पंचम १३१ वर, तोही सुंदर बोलला. मला वाटलं, प्रश्न सुटला.

अंतऱ्याला पोचलो आणि तार षड्ज फाटला.

गणित उघड होतं, मी ते पुढे वाचलंच नव्हतं. पांढरी चारचा तार षड्ज येतो ३४९ वर. सांधा हलत नाही. पट्टी बदलली की तो फक्त दुसऱ्या स्वरावर जाऊन बसतो. मी तो धैवतावरून उचलून अंतऱ्याच्या मुक्कामावर नेऊन ठेवला होता, जिथे गायकाने विसावायचं असतं आणि श्रोते वाट बघत असतात. शिवाय उत्साहात मी तिला तिथेच चालू ठेवलं, ‘होईल सवयीने’ म्हणत. तीन आठवडे. आधीच्या शिक्षकांची चूक मी वेगळ्या स्वरावर पुन्हा केली होती.

मग सगळ्या पट्ट्या वहीत मांडल्या. काळी पाचला षड्ज २३३, तेव्हा सांधा पंचमावर, म्हणजे रागाच्या कण्यावरच घाव. पांढरी पाचला धैवत ३२७ वर, सांध्याच्या तोंडाशी; तिने गाऊन पाहिलं तर स्वर लागायचा, पण धास्तीने. राहिली काळी तीन. षड्ज १८५ वर, पंचम २७७.५, धैवत ३०८, निषाद ३४७, तार षड्ज ३७०. सांधा निषादावर.

आणि भूपात निषाद नाही.

मी हे बघितलं तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. तिला फोन केला आणि तसंच पेटीवर काळी तीन धरून फोनवर गायला लावलं. ‘सा रे ग प ध सां.’ धैवत जाड, तार षड्ज हलका, आणि यंत्रणा बदलली ती मधल्या मोकळ्या जागेत, जिथे भूप स्वरच ठेवत नाही. उतरताना तार षड्ज आणि धैवत हलके, पंचमाला आवाज पुन्हा जाड, बदल पुन्हा दोन स्वरांच्या मध्ये. उतरता धैवत चढत्या धैवतापेक्षा थोडा पातळ लागायचा, ते कानाला कळायचं. पण फाटत नव्हता. एका कुठल्याशा पट्टीत एखादा राग एखाद्या गळ्याला असा हातात हात घालून भेटतो, तेव्हा रागाच्या रचनेबद्दल मला नव्याने आदर वाटतो.

"बाई असून काळी तीन?"

पट्टी ठरली, पण ती मनाने तिथे यायला तयार नव्हती. शाळेतल्या सहकाऱ्यांमध्ये, भजनी मंडळात, नातेवाइकांत एक समज घट्ट आहे की बाईचा आवाज जितका उंच तितका गोड, आणि खाली गाणं म्हणजे गळ्याची मर्यादा. चित्रपटसंगीताने कित्येक दशकं उंच, बारीक स्त्रीस्वर आपल्या कानांत भरला, त्याचा हा परिणाम. तो स्वर थोर आहेच. पण तो एका प्रकारच्या गळ्याचा स्वर आहे, आणि जिचा गळा तसा नाही तिने त्याच्यामागे धावून स्वरतंतू सुजवून घ्यायचे, हे मला पटत नाही.

मी तिला गंगूबाई हनगल ऐकवल्या. आधी १९३० च्या दशकातल्या त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका, ज्या ‘गांधारी हनगल’ या नावाने निघाल्या. आवाज उंच, पातळ, लवचीक. मग नंतरच्या काळातलं ध्वनिमुद्रण. ती म्हणाली, "ही कुणी दुसरीच बाई आहे." घशाच्या दुखण्यावरच्या उपचारांनंतर गंगूबाईंचा आवाज बदलला, खोल आणि रुंद झाला, इतका की न बघता ऐकणारा पुरुष समजेल. त्यांनी जुन्या आवाजाच्या मागे धाव घेतली नाही. जो आवाज उरला त्यातच ख्याल नव्याने उभा केला, आणि २००९ साली वयाच्या ९७ व्या वर्षी गेल्या तोवर त्याच आवाजाने त्या ओळखल्या गेल्या. पद्मविभूषणही, २००२ साली, त्याच आवाजाला मिळालं. त्यांचे गुरू सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ, ज्यांचं घर आमच्या मिरजेत होतं आणि कबरही इथेच आहे. खाँसाहेबांचा आवाज उंच, हलका, कुठेही सांधा दिसू न देणारा. एकाच परंपरेत आजोबा-गुरूंचा तो नाजूक आवाज आणि नातशिष्येचा हा धीरगंभीर आवाज, दोन्ही सुखाने नांदले. हे ऐकल्यावर तिने पट्टीबद्दल पुन्हा तक्रार केली नाही.

तंबोऱ्याचं काम मात्र निघालं. तिचा तंबोरा जनानी, काळी चारसाठी तारा लावलेला. दोन सूर खाली उतरवल्यावर तारा ढिल्या पडल्या, घोडीवरची जवारी, जिच्यामुळे तार गुंजते, खुलेना, स्वर मेल्यासारखा येऊ लागला. कारागिराकडे नेला. इथला कोणताही कारागीर तंबोरा हातात घेण्याआधी विचारतो, "पट्टी कोणती?" त्यावरच तारेची जाडी ठरते, आणि नवा बनवायचा असेल तर भोपळाही. त्याने तारा बदलल्या, जवारी पुन्हा घासून दिली. लाकूड तेच, भोपळा तोच, पण तंबोरा बोलायला लागला. ती घोडीवरचा दोरा हलवत खूप वेळ तो ऐकत बसली होती.

यमनचा निषाद

भूप बहरला. तिने शाळेच्या कार्यक्रमात गायला, लोकांना आवडला. इथेच थांबलो असतो तर हे प्रकरण सुखान्त म्हणून मिरवता आलं असतं. पण भूपाने सांधा ओलांडायला शिकवलं नव्हतं, तो फक्त टाळायला वाट दिली होती. यमन घेतला आणि निषाद आला. यमनचा संवादी निषाद. ३४७ हर्ट्झ. नेमका सांध्यावर.

मी पट्टी बदलली नाही. पट्टी आता तिच्या गळ्याची होती; काम गळ्यात करायचं होतं.

पाच महिने लागले. पहिले दोन महिने आकार पूर्ण बंद. सगळं वरून खाली. तार षड्जापासून ‘ऊ’ वर, अगदी हळू, अंगाई म्हणावी इतक्या आवाजात, ‘सां नि ध’ उतरायचं आणि हलका आवाज जमेल तितका खाली आणायचा. पंचमापर्यंत, मग गंधारापर्यंत. तिला हे सुरुवातीला फसवणुकीसारखं वाटायचं, कारण ख्यालात हलका आवाज म्हणजे ‘चोरटा आवाज’ असं तिला शिकवलेलं. मंचावर ख्याल गाताना चोरटा आवाज लावू नये, हे मलाही मान्य आहे. रियाजात मात्र तो औषध आहे. जो स्नायू ताणतो त्याला खालच्या स्वरांतही हजर राहायची सवय लागली, तरच वर जाताना पहिला स्नायू त्याच्या हाती कारभार हळूहळू सोपवतो. नाहीतर एक शेवटच्या क्षणापर्यंत गादी सोडत नाही आणि मग दुसऱ्याला घाईने चढावं लागतं. त्या घाईलाच आपण आवाज फाटला म्हणतो.

तिसऱ्या महिन्यात ‘ऊ’ चा ‘ओ’ केला आणि खालून वर जायला सुरुवात केली. ‘ग म॑ ध नि’ अशी मींड, म्हणजे मध्ये न तुटता एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, तीव्र मध्यमापासूनच आवाज थोडा आवळता घेत. नवख्या गायकाची प्रवृत्ती उलट असते. चढताना आवाज वाढवायचा. मी तिला उंच शेल्फवरून काचेचा डबा काढताना हात कसा सावध होतो, तसा सावधपणा धैवतापासून आण म्हणायची. मग एकेक स्वर घेऊन, निषादावर थांबून, आवाज हलक्यातून भरीव आणि भरीवातून हलका करायचा, न तोडता. हे सगळ्यात अवघड. दहापैकी नऊ वेळा तुटायचं. तुटलं की थांबायचं, पाणी प्यायचं, पुन्हा शंभर वेळा करायचं नाही. दिवसाला पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही, हा नियम मी कडक पाळला. सूज आलेल्या गळ्यावर रियाज वाढवून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

चौथ्या महिन्यात ‘ओ’ मधून ‘आ’ कडे. निषादावर ‘ओ’ लावायचा आणि स्वर न सोडता तोंड उघडत न्यायचं. इथे एक दिवस तिला अचानक जमलं. निषाद लागला, ना जाड ना बारीक, मधला, धातूची थोडी चमक असलेला. तिने स्वर सोडला आणि माझ्याकडे बघितलं. "हा कुठला आवाज आहे ताई?" दोन्ही यंत्रणांचा मिलाफ म्हणा. नाव काहीही द्या, त्या दिवशी तिच्या गळ्यात सांध्याच्या जागी पहिल्यांदा मींड बसली.

पुन्हा मोजलं तेव्हा सायरन करताना आवाज उडायची ठरावीक जागा उरली नव्हती. कधी ३३० ला सौम्य बदल, कधी ३८० पर्यंत कळतही नाही. सांधा नाहीसा झाला असं मी म्हणणार नाही. दमल्यावर तो दिसतो. द्रुत तानेत ‘ध नि सां’ अजून कधी कधी ठेचकाळते. तार पंचम, म्हणजे ५५५ हर्ट्झ, हलक्या आवाजातच लागतो आणि ख्यालाच्या भरात तो वेगळा पडतो, म्हणून आम्ही सध्या तिथे जात नाही. पण विलंबित यमनमध्ये ती निषादावर थांबते. घाबरून पळ काढत नाही.

शाळेचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. प्रार्थना तीच सांगते, आणि तिला सोयीची पट्टी मुलांना खाली पडते. मुलं मग गाण्याऐवजी पुटपुटतात. लहान मुलांचा गळा वरच्या पट्टीत मोकळा होतो, हे माहीत असल्यामुळे तिने आता सुरुवात पेटीवर करून द्यायची आणि मुलांना त्यांच्या पट्टीत गाऊ द्यायचं असं ठरवलं आहे. स्वतः ती खालच्या सप्तकात त्यांना साथ देते.

या पावसाळ्यात तिला सर्दी झाली होती. सकाळी तिचा मोबाइलवर निरोप आला: "ताई, आज सांधा धैवतावर उतरलाय. यमन ठेवते, मंद्रात काम करते."